‘अल्पसेवित’ समाज आणि चाचण्यांची ‘उपलब्धता’

विचारणा अशी आहे: अमेरिकेतल्या आरोग्यविषयक मजकुराचा अनुवाद करताना ‘अल्पसेवित हिस्पॅनिक समुदायांसाठी कर्करोगाच्या नैदानिक चाचण्यांची उपलब्धता वाढवणे’ असं वाक्य झालं (चाचण्या म्हणजे ‘क्लिनिकल ट्रायल’, नवे उपचार रुग्णांवर तपासून पाहणं). ‘अंडरसर्व्ह्ड’साठी ‘अल्पसेवित’ चालेल का? आणि ‘अ‍ॅक्सेस’साठी ‘उपलब्धता’ बरोबर आहे का?

‘अल्पसेवित’ नको. ते वाचून कुणीतरी काहीतरी कमी खाल्लं-प्यायलं असं वाटतं. ‘वंचित’ सोपा आहे, पण आज महाराष्ट्रात तो शब्द आधी निवडणुकीची आठवण करून देतो. सरळ ‘ज्यांच्यापर्यंत आरोग्यसेवा नीट पोहोचत नाही’ असं लिहावं. लांबतं, पण कळतं.

खरी गोम ‘उपलब्धता’मध्ये आहे. उपलब्ध म्हणजे जगात कुठेतरी आहे, एवढंच. अमेरिकेत कर्करोगाच्या चाचण्या भरपूर चालतात, त्या अर्थाने त्या उपलब्धच आहेत. टेक्सासच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेवर, मॅकअ‍ॅलन नावाचं शहर आहे. तिथली बहुसंख्य वस्ती हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांशी मुळं जोडलेली. ह्यूस्टनची मोठी कर्करोग रुग्णालयं तिथून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. दर काही आठवड्यांनी तपासणीला जायचं तर रोजंदारी बुडते, पोरं कुणाकडे तरी ठेवावी लागतात. त्यात विमा नसलेल्यांचं प्रमाण या समाजात गोऱ्यांच्या दुपटीहून जास्त. गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेने चाचणीतल्या रुग्णाच्या नेहमीच्या उपचारांचा खर्च सगळीकडे द्यावा, असा कायदा लागू झाला तोच मुळी जानेवारी २०२२ मध्ये. या सगळ्यावर ‘उपलब्धता वाढवणे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, चाचण्यांची संख्या वाढवायची आहे.

मग ‘पोहोच’? हा शब्द हल्ली बराच चालतो, पण जपून वापरावा. ‘त्याची तेवढी पोहोच नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा उणेपणा त्या माणसाचा असतो. इथे तो अर्थ चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडतो. चाचणीत भाग घेण्याविषयी विचारल्यावर कर्करोगाचे रुग्ण काय उत्तर देतात, याचा अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्याहून जास्त रुग्ण हो म्हणतात, आणि हिस्पॅनिक रुग्ण त्यात गोऱ्यांच्या मागे नाहीत. म्हणजे अडतं ते विचारण्यापाशी. अमेरिकेच्या लोकसंख्येत सुमारे २० टक्के असलेला हा समाज चाचण्यांमध्ये त्या प्रमाणाच्या जवळपासही दिसत नाही, याला त्यांची नाखुशी हे कारण पुरत नाही.

म्हणून मी प्रयोजक क्रियापद सुचवतो: ‘पोहोचवणे’. त्यात पोहोचवणारा कोणीतरी लागतोच, आणि अनुवादात तो दिसायला हवा. प्रत्यक्षातही काम तसंच चालतं. सॅन अँटोनिओतल्या डॉ. अमेली रामिरेझ यांच्या नेतृत्वाखाली ‘रेदेस एन आक्सिओन’ या जाळ्याने अशा वस्त्यांमध्ये कर्करोगाविषयी काम केलं. अशा कामात ‘प्रोमोतोरा’ असतात, म्हणजे वस्तीतल्याच, स्पॅनिश बोलणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्या, आपल्या आशाताईंसारख्या. घरात जाऊन, सासू-सुनेसमोर बसून समजावणारं माणूस असलं की चाचणी ‘पोहोचते’.

विचारलेलं नाही, तरी ‘नैदानिक’बद्दल सांगतोच. निदान झालेल्या रुग्णावर पुढे काय उपचार करायचे ते इथे तपासतात, आणि ‘नैदानिक चाचणी’ वाचून रोग ओळखायची रक्ततपासणी डोळ्यांपुढे येते. ‘नव्या उपचारांची रुग्णांवरील चाचणी’ असं पहिल्यांदा लिहून पुढे नुसतं ‘चाचणी’ म्हणावं. ‘प्रयोग’ मात्र टाळा. ‘आमच्यावर प्रयोग करता काय?’ ही भीती तिकडेही आहे, आणि ती हवेतली नाही. १९५६ मध्ये गर्भनिरोधक गोळीची मोठी चाचणी प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या, स्पॅनिश बोलणाऱ्या बेटावरच्या गरीब बायकांवर झाली. लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात मेक्सिकन बायकांकडून, काहींकडून तर ऐन बाळंतवेणांत, इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन नसबंदी केली गेली. त्या कोर्टात गेल्या आणि १९७८ मध्ये खटला हरल्या. अशा घरातल्या माणसापुढे आज संमतिपत्र ठेवायचं तर ते नुसतं स्पॅनिशमध्ये असून भागत नाही, शाळा लवकर सुटलेल्याला वाचता येईल असं असावं लागतं.

तर वाक्य असं करता येईल: ‘ज्या हिस्पॅनिक वस्त्यांपर्यंत आरोग्यसेवा नीट पोहोचत नाही, तिथल्या कर्करुग्णांपर्यंत नव्या उपचारांच्या चाचण्या पोहोचवणे’. शीर्षकासाठी आटोपशीर हवं असेल तर ‘कर्करोग चाचण्यांत हिस्पॅनिक रुग्णांना संधी’.

‘हिस्पॅनिक’ तसाच ठेवा. त्याचं ‘स्पॅनिश लोक’ करू नका, ते स्पेनचे झाले. ‘लॅटिनो’ही अगदी तोच अर्थ देत नाही: ब्राझीलचा माणूस लॅटिनो असतो, पण पोर्तुगीज बोलणारा असल्यामुळे सहसा हिस्पॅनिक म्हणवत नाही. मूळ मजकुरात जो शब्द असेल तो घ्यावा.