ई-रुपी पहिल्यांदा वापरणार असशील तर

यूपीआय असताना हे कशाला, असं विचारलंस. फरक आहे. यूपीआय म्हणजे तुझ्या बँक खात्यातले पैसे दुसऱ्याच्या खात्यात ढकलणं. ई-रुपी म्हणजे खुद्द रिझर्व्ह बँकेचं चलन, खिशातल्या नोटेसारखंच, फक्त फोनमधल्या वॉलेटमध्ये. सामान्यांसाठी त्याचा प्रायोगिक वापर १ डिसेंबर २०२२ ला मुंबईसह चार शहरांत सुरू झाला.

आता कामाचं. ॲप तुझ्या बँकेचंच घे, तेही अधिकृत स्टोअरमधून. कोणी पाठवलेल्या लिंकवरून अजिबात नको. वॉलेटमध्ये आठवड्याच्या किरकोळ खर्चापुरतेच टाक. यावर व्याज शून्य! मी सुरुवातीला हौसेने चांगले दोन हजार भरले आणि विसरलो. तीन महिने नुसते पडून. पाकिटातल्या नोटांना तरी कुठे व्याज मिळतं म्हणा.

मला खरी सोय वाटली ती पासबुकात. आधी चहा, कोथिंबीर, रिक्षा असल्या दहा-वीस रुपयांच्या नोंदींनी पानं भरायची. आता वॉलेट भरल्याची एकच ओळ दिसते. भाजीवाल्या मावशींकडे यूपीआयचाच क्यूआर आहे, तोच स्कॅन करतो. त्यांचा स्पीकर नेहमीसारखा ओरडतो, त्यांना फरकही कळत नाही.

‘ई-रुपीत गुंतवा, दुप्पट करा’ म्हणणारा भेटला तर सरळ फोन ठेव. हा बिटकॉइन नव्हे. शंभराचे शंभरच राहतात.