पहिलं टर्बाइन जेट म्हणून मिराज २००० घेऊ का?

प्रश्न: ग्वाल्हेरला राहतो. बरीच वर्षं इलेक्ट्रिक आणि पेट्रोलवरची आरसी (रिमोटवरची) विमानं उडवतोय, आता टर्बाइन, म्हणजे रॉकेलवर चालणारं छोटं जेट इंजिन घ्यायचंय. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावरची मिराज लढाऊ विमानं रोज दिसतात, तेच मॉडेल पहिलं घेतलं तर चालेल का? टर्बाइन किती न्यूटनचं घ्यावं?

उत्तर: नको. मिराज तिसरं-चौथं जेट म्हणून जरूर घ्या, पहिलं म्हणून अजिबात नको. १९८५ पासून ती विमानं या गावावरून जातायत, इथल्या प्रत्येक आरसीवाल्याला डेल्टाच, म्हणजे मिराजसारखं त्रिकोणी पंखाचं विमानच हवं असतं, तुमची ओढ पूर्ण समजते. पण पहिलं जेट दिसण्यावरून निवडायचं नसतं. ते उतरतं कसं, यावरून निवडायचं.

आमच्या मैदानावर एक दादा आहेत. हात चांगला, अनुभव दांडगा. नव्या माणसाला त्यांचा सल्ला ठरलेला: ‘थ्रस्ट (इंजिनाचा रेटा, जो न्यूटनमध्ये मोजतात) भरपूर ठेव, मग काहीही उतरवता येतं.’ यावर आमचा वाद जुना आहे. त्यांच्याच साधारण १३ किलोच्या डेल्टाचं, १४० न्यूटनच्या टर्बाइनवर, काय झालं ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

डेल्टाला मागे आडवी शेपटी नसते. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा) आणि एलेरॉन (विमान बाजूला कलवणारा) दोन्हींचं काम पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे एलेव्हॉनच करतात. तिथे फ्लॅप (हळू उतरण्यासाठी खाली सोडायच्या पट्ट्या) खाली सोडले तर नाकच खाली जातं, म्हणून फ्लॅप नाहीत. वेग कमी करायचा तर नाक वर धरून यावं लागतं, आणि नाक जितकं वर तितका ड्रॅग (हवेचा अडथळा) झपाट्याने वाढतो. त्या दिवशी विमान लांब जाईल असं वाटून दादांनी फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, थ्रॉटल पूर्ण आयडलला (इंजिन जेमतेम फिरत राहील इतका कमी) आणला. नाक छान वर होतं, बाजूने बघणाऱ्याला अगदी खऱ्या मिराजसारखं. वेग मात्र गळत होता, आणि डेल्टात तो गळताना दिसत नाही, कारण पंख एकदम स्टॉल होऊन (उचल सोडून) कलंडत नाही. विमान नाक वर ठेवूनच खाली बसायला लागतं.

धावपट्टीच्या अलीकडे, माणसाच्या दोन उंचींवर असताना ते बसायला लागलं. दादांनी एलिव्हेटर ओढला. एलेव्हॉन वर उचलली गेली, म्हणजे पंखाची होती ती लिफ्टही कमी झाली. मग थ्रॉटल पुढे. टर्बाइन आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला ३ ते ५ सेकंद घेतं, कारण गरम होऊ नये म्हणून ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) इंधन हळूहळूच वाढवतो. शेपूट जमिनीला लागली तेव्हा इंजिनाचा आवाज नुकता चढत होता. टेलपाइपची (मागच्या एक्झॉस्ट नळीची) कड चेपली, चाकाचा डावा पाय प्लायच्या माउंटिंग प्लेटसकट उखडला, आणि जमिनीवर पडलेलं इंजिन तसंच चढत राहिल्यामुळे गवत आणि माती आत ओढली गेली. काँप्रेसरच्या चाकाच्या पात्यांना खाचा पडल्या. दादा अजून म्हणतात वाऱ्याचा झोका बसला. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) मात्र खांबाला चिकटून लोंबत होता. थ्रस्ट १४० ऐवजी २१० न्यूटन असता तरी काही फरक पडला नसता, कारण हवा तेव्हा तो हजरच नव्हता.

म्हणून पहिलं जेट सरळ किंवा किंचित मागे झुकलेल्या जाड पंखाचं, मोठ्या फ्लॅपचं आणि आडवी शेपटी असलेलं घ्या. बूमरँग घराण्यातली ट्रेनर (शिकायची) विमानं यासाठीच बनवलेली आहेत. वायपर, अवांती प्रकारची स्पोर्ट जेटही चालतील, पण त्यांचा क्रमांक बूमरँगनंतर. तुमचा हात इलेक्ट्रिक डक्टेड फॅनवर बसलेला असेल तर एक सवय मोडा: फॅन लगेच दाद देतो, टर्बाइन देत नाही. फायनलवर थ्रॉटल थोडा उघडाच ठेवायचा आणि फ्लॅपचा ड्रॅग त्याच्या विरुद्ध लावून यायचं, म्हणजे इंजिन आधीच चढलेलं असतं आणि गो-अराउंड (न उतरता पुन्हा वर जाणं) वेळेत होतो. उलट बाजूही लक्षात घ्या. आयडललासुद्धा १०० न्यूटनचं टर्बाइन थोडं ढकलतच असतं. फ्लॅप नसलेलं विमान जमिनीलगत तरंगत पुढे जातं आणि ब्रेक नसले तर उतरल्यावरही थांबत नाही. चाकांना ब्रेक हवेतच.

आता न्यूटन. टाकी रिकामी असताना ९-१० किलो भरणाऱ्या ट्रेनरला ८० पुरतं असं पुस्तकी गणित सांगतं. ग्वाल्हेरला ते लागू नाही. मे महिन्यात ४५ अंशाला हवेची घनता १५ अंशाच्या मानाने सुमारे १० टक्क्यांनी कमी असते, वर आपण समुद्रसपाटीपासून दोनशे मीटर उंच. १०० न्यूटनचं इंजिन तेव्हा ८८ च्या आसपास, कधी त्याहूनही कमी देतं. शिवाय ३ लिटर रॉकेल म्हणजे टेकऑफला २.४ किलो वजन जास्त. १०० ते १२० घ्या. १६० नको, दादा कितीही सांगोत. ट्रेनरच्या सांगाड्याला वेगाची मर्यादा असते. ती ओलांडली आणि सर्व्हो-लिंकेजमध्ये (एलेरॉन हलवणारी छोटी मोटर आणि तिची दांडी यांच्या जोडात) जराशी ढिलाई असली की एलेरॉन फडफडतं आणि पंखातून सुटतं.

कंपनीवरून भांडू नका. जेटकॅट, किंगटेक, जेट्समुंट, स्वीविन, सगळ्यांची इंजिनं उडतात. विचारायचं ते एवढंच की सर्व्हिस कुठे होते. बेअरिंग ठरावीक तासांनी, बहुतेक ठिकाणी २५ ते ५० तासांनी, बदलावी लागतात. रॉकेलवरच सुरू होणारं इंजिन घ्या, गॅसच्या डबीचं जुनं मॉडेल स्वस्त मिळालं तरी नको.

पैसे वाचवायची जागा टाक्या आणि नळ्या ही नव्हे. हवेत बंद पडणाऱ्या इंजिनांत बुडबुडे हे सगळ्यात मोठं कारण. मुख्य टाकी, मग बुडबुडे अडवणारी छोटी एअर-ट्रॅप टाकी, मग पंप, फिल्टर, व्हॉल्व्ह, इंजिन, असा क्रम. पंपाकडे ओढणाऱ्या बाजूला कुठेही सैल जोड असला तर इंधन गळत नाही, हवा आत येते, म्हणून तो डोळ्यांना सापडत नाही. विमान बांधून ठेवून पूर्ण थ्रॉटल द्या आणि पारदर्शक नळीकडे बघा. एकही बुडबुडा दिसला तर उडवायचं नाही. वजनाचा तोल एअर-ट्रॅप भरलेली आणि मुख्य टाकी रिकामी ठेवून बघा, कारण उतरताना विमान जवळपास त्याच अवस्थेत असतं.

इंधन म्हणजे पांढरं रॉकेल, त्यात २० लिटरला १ लिटर टर्बाइन ऑइल, भरताना फिल्टरमधूनच. रेशनचं निळं रॉकेल या कामाला वापरणं बेकायदा आहे. १०० न्यूटनला पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ३५०-४०० मिली जातं, फिरवत उडवलं तर २५० च्या आसपास. ३ लिटरच्या टाकीवर टायमर ७ मिनिटांचा लावा, म्हणजे दोन गो-अराउंडपुरतं आत उरतं. आपल्याकडे मुरूम-गवताच्या पट्ट्या जास्त, त्यामुळे ट्रेलिंग लिंकचे (मागे झुकणाऱ्या सांध्याचे, धक्का झेलणारे) पाय, मोठी चाकं आणि इनटेकला (हवा आत घेणाऱ्या तोंडाला) जाळी हवी. जाळीने थोडा थ्रस्ट जातो, जाऊ द्या.

हे आधी सांगायला हवं होतं: जवळ कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक आणि एक माणूस असल्याशिवाय स्टार्ट करू नका. पावडरवाला नको, पावडर इंजिन खाते. नाक वाऱ्याकडे. स्टार्ट फसला तर लगेच दुसरा देऊ नका, आत साचलेलं रॉकेल पेटून मागे ज्वाळा येते. नाक वर करून टेलपाइपमधून ते निथळू द्या, पुसा, मगच पुढचा स्टार्ट. फेलसेफ (रिमोटचा सिग्नल तुटला तर काय व्हावं ते) आयडलला नाही, इंजिन बंदवर लावा. आणि उतरल्यावर ईसीयू स्वतः इंजिन फिरवून थंड करतो, ते संपेपर्यंत त्याची बॅटरी काढू नका, नाहीतर बेअरिंग भाजतात.

जागा ठरवताना डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलवरचा हवाई हद्दीचा नकाशा बघाच. महाराजपुऱ्याजवळ उडवायचा विचारही नको. ट्रेनरवर फ्लॅप न वापरता, थ्रॉटल धरून, नाक वर ठेवून मनाजोगतं उतरवता येऊ लागलं की मिराजची ऑर्डर द्या, आणि तेव्हाही पहिले काही लँडिंग अर्ध्या टाकीवर, लांब पट्टीवर करा.