जुन्या लिंका आधी काढ

भावा, कमिशनसाठी तू रमीच्या ॲपच्या लिंका टाकल्यास ना, त्यांचंच सांगतोय. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्यात रमी कौशल्याची की नशिबाची, हा वादच उरला नाही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ असेल तर नुसत्या जाहिरातीलाही 2 वर्षांपर्यंत कैद, 50 लाखांपर्यंत दंड. म्हणून आजच बसून लिंका काढ: व्हिडिओखालच्या, पिन केलेल्या कमेंटमधल्या, टेलिग्रामवरच्या. इन्स्टाच्या हायलाइट्स हमखास राहून जातात, त्या नीट बघ. परदेशी साइटवाले जादा कमिशनचं गाजर दाखवतील, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नकोस. आपल्याच गल्लीतली पोरं त्यात बुडतात रे. सर्चमधून गिऱ्हाईक आणायची तुझी हातोटी आपल्या कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतल्या दुकानदारांना, मार्केट यार्डातल्या गूळवाल्यांना हवी आहे. कमिशन कमी मिळेल. ऑर्डरमागे किती, ते आधी लिहून घे.