स्पीकर कमी निघाले, आणि दोन वर्षं सरत आली

प्रश्न : मी नाशिकला राहतो. १८ नोव्हेंबर २०२३ ला १ कोटी ३२ लाखांची सात आसनी एसयूव्ही घेतली. बुकिंगच्या वेळी साडेसहा लाखांचं वरच्या दर्जाचं ऑडिओ पॅकेज घेतलं होतं. गाडीत मात्र त्याच ब्रँडची खालची सिस्टीम निघाली. डीलर अजून "कंपनीला मेल टाकलाय" इतकंच सांगतो. काय करावं?

उत्तर : गाडी वेगळी, सोफा वेगळा, फ्लॅटमधलं मॉड्युलर किचन वेगळं, पत्र मात्र दर महिन्याला हेच येतं. तुमची फसवणूक झाली की नाही, यावर मी वेळ घालवणार नाही. तुम्हीही घालवू नका.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. पाठवलेली नोटीस किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरची "बघतो साहेब" यांनी ही मुदत एक दिवसानेही वाढत नाही. समोरच्याने हा मुद्दा काढला नाही तरी आयोगाने तो स्वतःहून तपासायचा असतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितलंय. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यासाठी पुरेसं कारण लागतं. डीलरवर विश्वास ठेवला, हे कारण मी तरी आयोगापुढे घेऊन उभा राहणार नाही.

आता तुम्ही पाठवलेलं सर्व्हिसचं जॉबकार्ड. त्याच्या तळाशी पेनाने लिहिलंय, 'ओके अ‍ॅज पर बिल्ड'. या चार शब्दांवर तुमची केस उभी आहे आणि अडकलीही आहे. उभी अशी, की गाडी कारखान्यातूनच खालच्या सिस्टीमसह आली, हे सर्व्हिस सेंटरने लिहून दिलं. अडकली अशी, की मग हा वॉरंटीतला बिघाड उरत नाही. दुरुस्ती चालू होती म्हणून मुदत पुढे सरकली, हा युक्तिवाद तिथेच लंगडा पडतो. ठरलेली वस्तू दिलीच नाही, तर कारण घडलं डिलिव्हरीच्या दिवशी. खरा प्रकार पुढे सर्व्हिसला कळला, असं म्हणून बघता येईल. पण डॅशबोर्ड आणि दारांवरच्या स्पीकरच्या जाळ्या पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होत्या, आणि डिलिव्हरीच्या समाधानपत्रावर तुम्ही न वाचता सही केलीत. तेव्हा १८ नोव्हेंबर २०२५ हीच शेवटची तारीख धरा.

तक्रार कुठे? वाद साडेसहा लाखांचा म्हणून नाशिकचा जिल्हा आयोग, असं तुम्ही गृहीत धरलंय. अधिकारक्षेत्र नुकसानीवर नाही, वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरतं : ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. पॅकेजचं बिल वेगळं असतं तर वाद घालता आला असता. तुमच्या बिलात ती गाडीखालचीच एक ओळ आहे, म्हणून राज्य आयोग. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून दाखल करा. फी २,५०० रुपये. चुकीच्या दारात जाऊन परत यायला तुमच्याकडे दिवस नाहीत.

पुराव्याचं म्हणाल, तर नुसतं ब्रँडचं नाव दाखवून भागणार नाही. एकच नाव दोन पायऱ्यांवर असतं. अमेरिकेतल्या कॅडिलॅक एस्कलेडचं बघा : एकेजीचीच स्टुडिओ सिस्टीम १९ स्पीकरची आणि स्टुडिओ रेफरन्स ३६ची. त्यामुळे बुकिंग फॉर्मवरचं पॅकेजचं पूर्ण नाव, त्याचा कोड आणि बिलातली ती ओळ शोधा. ब्रोशरवर फार विसंबू नका. 'पूर्वसूचनेशिवाय बदल होऊ शकतो' हे वाक्य त्याच्या मागे असतंच. पैसे घेतलेल्या पॅकेजला ते कितपत लागू होईल, याबद्दल मला शंका आहे, पण निकाल आधीच सांगत नाही.

गाडी भागीदारी फर्मच्या नावावर आहे. 'व्यावसायिक हेतू'चा, म्हणजे तुम्ही कायद्यातले ग्राहकच नाही, असा आक्षेप येईल. कंपनीच्या नावावरची पण संचालकाच्या वैयक्तिक वापराची गाडी व्यावसायिक हेतूची ठरत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२४ चा निकाल आहे. तो तुम्हाला उपयोगी पडावा. गाडी प्रत्यक्षात कोण, कशासाठी वापरतं, यावर बरंच अवलंबून राहील.

कायद्याप्रमाणे तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत आणि लागली तर पाच महिन्यांत निकाल अपेक्षित आहे. आयोगाच्या पायऱ्या झिजवलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल. तोवर गाडीतल्या आवाजाचा कंटाळा येईल, हे मान्य. पण कॉलेज रोडच्या त्या अ‍ॅक्सेसरीवाल्याकडून नवा अ‍ॅम्प्लिफायर बसवून घ्यायचा बेत आधी रद्द करा. आयोगाने तपासणीचा आदेश दिला, तर गाडी आली तशीच दाखवावी लागेल. आणि व्हॉट्सअ‍ॅपमधले ते मेसेज कुणी पुसू नयेत म्हणून आजच त्यांचा बॅकअप घ्या.