पाहून झालेलंच पुन्हा पाहायला जा

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र मिळालं. सायकल घेतलीस हे वाचून फार बरं वाटलं, पण पुढे तू लिहिलंयस की जवळपासचं सगळं पाहून झालंय, आता जायचं कुठे, आणि मित्र तर रोज ॲपवर चाळीस-पन्नास किलोमीटर टाकतात, त्यापुढे आपली तासाभराची चक्कर सांगायची तरी कशी. मला यावर जरा सविस्तर लिहायचंय कारण आत्ता शरद चालू आहे आणि हे दिवस हातचे गेले की थेट पुढच्या वर्षी.

माझं म्हणणं सरळ आहे. पाहून झालेलंच पाहायला जा. नवीन जागी गेलं की सगळंच नवीन असतं त्यामुळे काय बदललं ते कळत नाही, आधी कसं होतं हेच माहीत नसतं ना. बदल दिसतो तो ओळखीच्याच जागी. तळ्याकाठचा रस्ता, जुना पूल, शाळेचं मैदान, झाडांची ती एक रांग, हे तुझ्या इतकं अंगवळणी पडलंय की तू त्याकडे बघणंच सोडून दिलंयस, आणि पानगळीच्या दिवसांत तिथेच आठवड्या-आठवड्याला काहीतरी वेगळं होत असतं. म्हणून एकच फेरी ठरव, दहा-बारा किलोमीटरची, गोल, म्हणजे गेल्या वाटेनेच परत यायला नको, आणि दर आठवड्याला तीच मार. कंटाळा आला तर उलट्या दिशेने जा. उलट गेलं की तोच रस्ता अनोळखी वाटतो, खरंच करून बघ, वळणाआड लपलेल्या गोष्टी आधी समोर येतात.

आता काय बघायचं तर झाडं बघ आधी. पानं पिवळी होतात तेव्हा तो पिवळा रंग नवीन आलेला नसतो, तो पानात आधीपासूनच असतो, फक्त हरितद्रव्याखाली झाकलेला. दिवस लहान आणि हवा गार व्हायला लागली की झाड हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं आत ओढून घेतं आणि खालचा पिवळा उघडा पडतो. लाल रंगाचं मात्र वेगळं, तो बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्याला ऊन लागतं. म्हणून लाल होणारं झाड सापडलं तर त्याला सगळीकडून बघ, उन्हाकडची बाजू जास्त लाल असते, सावलीतली पानं फिकी. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो, रस्त्यावरच्या दिव्याला खेटून असलेलं झाड शोध. दिव्याजवळच्या फांद्यांवर बऱ्याचदा पानं हिरवी राहतात आणि बाकीचं झाड पिवळं पडून निम्मं रिकामंही झालेलं असतं, कारण रात्रभरच्या उजेडाने त्या फांदीला दिवस लहान झालाय हे कळतच नाही. एकाच झाडावर दोन ऋतू. तू त्याच्याखालून शंभरदा गेला असशील.

हे सगळं दिसायचं तर वेग कमी हवा, इथे मी हट्टी आहे. ताशी १२ ते १५ किलोमीटर, बास. चालण्याच्या अडीच-तीन पट वेग झाला, म्हणजे तासाभरात अख्खा परिसर होतो, आणि तरी झाडावरचा पक्षी दिसतो. त्यात हवेचं गणितही तुझ्याच बाजूने आहे, वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद आठपट, वर कानात वारा एवढा भरतो की बाकी काही ऐकूच येत नाही. हळू चालवलंस की चाकाखालची वाळकी पानं कुरकुरलेली ऐकू येतात, कुठे चढ सुरू झाला ते मांडीला कळतं. पायी चालताना जो रस्ता सपाट वाटतो तो सायकलवर सपाट नसतो, आपल्याच भागात चढ-उतार कुठे आहेत हे मला सायकलनेच शिकवलं.

आणि थांब. थांबायला लाजू नकोस. पूर्वी पुढचं चाक प्रचंड मोठं असलेली ती उंच सायकल असायची, तिच्यावर चढणं-उतरणं हीच कसरत, मध्येच थांबायचं कोण? १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी जवळपास सारख्या चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल आणली, १८८८ मध्ये डनलॉप यांचे हवेचे टायर आले, आणि सायकल साध्या माणसाची झाली, पाय टेकवून कुठेही थांबता येईल अशी. ती सोय वापर की. पुलावर पाय टेकव, पाच मिनिटं पाणी बघ, मग नीघ. ॲप बंद ठेव, निदान या फेरीला तरी, कारण आकडा चालू असला की थांबणं नुकसान वाटायला लागतं, आणि ही फेरी तर थांबण्यासाठीच आहे. मित्रांच्या पन्नास किलोमीटरला मी नावं ठेवत नाही, तेही छान आहे, पण ते व्यायामाचं काम आहे आणि हे वेगळं.

आता काळजीच्या गोष्टी, या नीट वाच. ओली पानं निसरडी असतात, पावसात काचेवर चालवल्यासारखं होतं, आणि खाली खड्डा आहे की लोखंडी झाकण तेही दिसत नाही. पानांचा थर आला तर ब्रेक आधीच, कोरड्या रस्त्यावर लाव, थरावरून हँडल सरळ ठेवून जाऊ दे, तिथे वळू नकोस आणि पुढचा ब्रेक तर दाबूच नकोस. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे ओले असले की त्यांचंही तेच.

दुसरं म्हणजे ऊन. या दिवसांत सूर्य संध्याकाळी लवकरच खाली येतो आणि नेमका डोळ्यात जातो. तुला समोरचं दिसत नसेल तर तुझ्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यात तोच सूर्य आहे, म्हणजे त्याला तू दिसत नाहीयेस, हे कायम लक्षात असू दे आणि मागचा लाल दिवा उजेडातही चालू ठेव. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेच्या आसपास उत्तर गोलार्धात दिवस सगळ्यात भराभर लहान होत असतो, ४० अंश अक्षांशाला रोज अडीच मिनिटांहून जास्त. दोन आठवड्यांत अर्धा तास गेला. तू नेहमीच्याच वेळेला निघशील आणि परत येताना अंधार असेल.

निघताना वारा बघ, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सुरुवात कर म्हणजे दमल्यावर परतताना तो पाठीशी येतो. कपडे एकावर एक पातळ घाल, निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतंच, आणि थांबलास की पुन्हा गार पडतं तेव्हा वरचा थर लगेच चढव.

सीटची उंची तेवढी तपास, तुझे गुडघे दुखतात म्हणालास ना. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे, मग चवड्याने पॅडल मारताना गुडघा थोडासाच वाकलेला राहतो. बहुतेक नवीन लोक सीट फार खाली ठेवतात आणि मग गुडघ्यांना दोष देतात. टायरमध्ये किती हवा हवी ते टायरच्या कडेला छापलेलं असतं, त्या मर्यादेतच भर, अगदी वरच्या आकड्यापर्यंत नको, आरामात फिरायचंय तर थोडी कमी बरी, खड्ड्यांचे धक्के कमी बसतात आणि ओल्या रस्त्यावर पकडही चांगली राहते.

या आठवड्यात एक फेरी मारून मला कळव, कुठून कुठे गेलास ते आणि दिव्याजवळचं झाड सापडलं का ते. किलोमीटर नाही लिहिलेस तरी चालेल.

तुझा,
दादा