ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल वस्तीत नर्स म्हणून जातेय. तिथले लोक कॅन्सरच्या तपासणीला येत नाहीत म्हणतात, ते का?

तुम्ही लिहिलंय की मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्स शहरापासून दूरच्या एका मूळनिवासी (ॲबोरिजिनल) वस्तीत क्लिनिकची नोकरी लागली आहे, आणि तिथे काम केलेल्या कुणीतरी आधीच बजावलंय, ‘कितीही बोलवा, हे लोक येत नाहीत.’ मी मूळची सांगलीची. त्याच भागात सात वर्षं काढली, म्हणून लिहितेय.

माझीच फजिती आधी सांगते. इथे पन्नाशीपासून चौऱ्याहत्तरीपर्यंत सगळ्यांना आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं किट सरकारकडून दर दोन वर्षांनी फुकट येतं. पहिल्याच महिन्यात मी एका आजीबाईंना काउंटरवर उभ्याउभ्या ते समजावायला घेतलं. शौचाचा नमुना घ्यायचा, काडीने, दोन वेगळ्या वेळी, नळीत घालून झाकण लावायचं, पोस्टात टाकेपर्यंत फ्रीजमध्ये ठेवायचं. सगळं अगदी खणखणीत आवाजात, कारण त्यांना कमी ऐकू येत असेल असं मीच ठरवून टाकलं होतं! आजीबाईंनी मान खाली घातली, किट तिथेच ठेवलं आणि निघून गेल्या. मागच्या बाकावर त्यांचा जावई बसला होता.

मध्य ऑस्ट्रेलियात सासू आणि जावई एकमेकांशी बोलत नाहीत, समोरासमोर येत नाहीत, शक्यतो एका खोलीत थांबतही नाहीत. नियम आहे तो, आणि कडक आहे. आपल्याकडे आजीच्या काळी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळला तर काय व्हायचं ते आठवा, आणि त्याच्या दसपट धरा. त्या जावयासमोर मी त्यांच्या शौचाची चर्चा केली होती. तिथे यासाठी ‘शेम’ असा शब्द आहे. इंग्रजीतलाच, पण आपल्या लाजेपेक्षा बराच जड.

आमच्याकडच्या ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनरने, म्हणजे त्यांच्याच समाजातल्या प्रशिक्षित आरोग्यसेविकेने, मला बाजूला घेऊन हे सांगितलं. काही आठवड्यांनी ती स्वतः किट घेऊन आजीबाईंच्या अंगणात गेली. चहा झाला, कुणाचं बाळ, कुणाची गाडी बंद पडली, सगळं झालं, आणि मग किट निघालं. नमुना आला. आमच्या एका कपाटात तशी किटं धूळ खात पडली होती, आणि नोंदवहीत त्यांच्यापुढे ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलेलं होतं.

शिवाय किट पोस्टाने येतं, पण वस्तीत दारोदार पोस्टमन फिरत नाही. एका घरात दहा-बारा माणसं आणि फ्रीज एक. त्यात कोण नमुना ठेवणार? उन्हाळ्यात नमुना वाटेतच खराब होतो, म्हणून तापणाऱ्या भागांत त्या महिन्यांत सरकारच किट पाठवत नाही. आता ओळखीच्या क्लिनिकमधून हातात किट द्यायची सोय झाली आहे. तिचा पुरेपूर वापर करा.

गर्भाशयमुखाच्या तपासणीत तर मोठाच फरक पडलाय. जुलै २०२२पासून २५ ते ७४ वयाच्या कुठल्याही बाईला एचपीव्हीच्या, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीचा नमुना स्वतःच घेता येतो. पडद्यामागे जायचं, कापसाची काडी, मिनिटभराचं काम. कपडे काढून परक्या माणसासमोर झोपायला नको. हा मार्ग सर्वांसाठी खुला व्हावा म्हणून नेटाने मागे लागलेल्यांत संशोधक प्रा. लिसा व्हॉप आहेत, त्या स्वतः उत्तरेकडच्या टॉरस सामुद्रधुनीतल्या बेटांच्या मूळनिवासी समाजातल्या. मूळनिवासी बायकांत हा कॅन्सर इतर ऑस्ट्रेलियन बायकांच्या दुपटीहून जास्त आढळतो, तेव्हा काडी फार मोठी गोष्ट आहे. पुरुषांच्या बाबतीत मात्र तुम्ही मागे राहा. ‘मेन्स बिझनेस’, म्हणजे पुरुषांच्या खासगी गोष्टी, पुरुष सहकाऱ्यानेच बोलायच्या.

तंबाखूवर भाषण देऊ नका, हे सांगलीकर म्हणून हक्काने सांगते. मजुरीच्या बदल्यात पीठ, साखर, चहा आणि तंबाखू असं रेशन या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या मिळालं. सवय लावली कुणी, हे ते विसरलेले नाहीत. त्याआधीपासून वाळवंटात पितुरीही आहे, रानतंबाखूची पानं राखेत मळून गालात धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या गावचा पारच आठवला. चुन्याच्या जागी राख, काम तेच, निकोटिन लवकर भिनवायचं. मी हे एका बाईला सांगितलं तर ती पोट धरून हसली, आणि पुढे अर्धा तास आम्ही तोंडातल्या चट्ट्यांवर बोललो. सिगारेटचं म्हणाल तर ती कमी होतेय: पंधरा वर्षांवरच्यांत रोज ओढणारे २०१२-१३मध्ये ४१ टक्के होते, २०२२-२३मध्ये सुमारे २९. त्यामागे बरंचसं त्यांच्याच माणसांनी केलेलं काम आहे. ॲलिस स्प्रिंग्समध्ये १९७३मध्ये स्थापन झालेली ‘काँग्रेस’ नावाची त्यांची स्वतःची आरोग्यसंस्था आहे. (नाही, आपली नव्हे.)

खरी कसोटी निदानानंतर लागते. रेडिओथेरपी ॲलिसमध्ये नाही. डार्विन किंवा ॲडलेड, दोन्ही साधारण दीड हजार किलोमीटर. प्रवास आणि राहण्याला सरकारी मदत मिळते, पण कित्येक आठवडे आपली भूमी, नातवंडं, सगळं सोडून परक्या शहरात राहायचं, आणि तिथेच मरण आलं तर? ही भीती फार खोल असते. एकूण कॅन्सरमृत्यूंचं प्रमाण इतर ऑस्ट्रेलियनांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी जास्त आहे, त्यात उशिरा निदान आहे तसं हे अर्धवट सुटलेले उपचारही आहेत. म्हणून कुणी ‘नाही’ म्हटलं की लगेच ‘उपचारास नकार’ लिहून फाइल बंद करू नका. सोबत कोण जाणार, तिकिटं दोघांची होतील का, मध्ये घरी येता येईल का, हे आधी विचारा. ‘सॉरी बिझनेस’ म्हणजे कुणाचं सुतक चालू असेल तर तारीख पुढे ढकला. गेलेल्या माणसाचं नाव तर तोंडातून काढूच नका, फाइल शोधतानासुद्धा.

पोचल्यावर पहिल्याच दिवशी तिथल्या हेल्थ प्रॅक्टिशनरला विचारा, कुणासमोर कुणाशी काय बोलायचं नाही. आणि वेटिंग रूमच्या बाकांवर कोण कोण बसलंय ते पाहून मगच तोंड उघडा.