तुमचे प्रश्न: लाकडाचं घर साडेसहाशे वर्षं टिकतं कसं?

प्रश्न: ताई, मुलगा जर्मनीत असतो, त्याने क्वेडलिनबुर्ग गावचे फोटो पाठवले. घरांची लाकडं बाहेरून दिसतात, मधे म्हणे माती आहे! आमच्याकडे तर वाळवी काही ठेवत नाही. ही घरं किती जुनी, टिकली कशी? (एक काका, गुहागर)

उत्तर: काका, ही आपल्या कुडाचीच लांबची बहीण समजा. ओकच्या खांब-तुळयांचा सांगाडा लाकडी खुंट्या मारून उभा करायचा, मधल्या चौकटीत काठ्या विणून वर पेंढा घातलेली माती लिंपायची. सगळं वजन सांगाड्यावर, भिंत नुसती भरणीची, म्हणून एखादं लाकूड कुजलं की तेवढंच बदलता येतं आणि खाली दगडी जोतं असल्यामुळे ओल पण चढत नाही. माझ्या आजोळी कारवीच्या कुडावर आजीच्या बोटांचे फराटे दिसायचे, ते मला या फोटोंत परत दिसले.

गाव मात्र या घरांहून जुनं. जर्मन राजा हाइनरिश पहिला ९३६ साली गेला, त्याला इथल्या टेकडीवर पुरलं आणि त्याची राणी माटिल्डाने तिथे स्त्रियांचा मठ चालवला, पुढे शेकडो वर्षं या गावावर त्या मठाच्या प्रमुख बायकांचीच सत्ता होती, हे मला फार भारी वाटतं! वोर्डगासे नावाच्या गल्लीतलं एक घर १३४७ च्या सुमाराचं, त्याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत अखंड आहेत, आता तिथे म्युझियम आहे. पूर्व जर्मनीच्या काळात बरीच घरं पडायला आली होती. १९९४ ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गावाचं नाव लागलं.

मुलाला सांगा, ते म्युझियम बघच.